नाव आपले, नोंद कोणाची?

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदारांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘हिशोबाचे वाचन’ एवढेच छापले आहे. हिशोब वाचून झाला, आपण तो मंजूरही केला, त्याबद्दल आभार. परंतु त्यात एक ओळ अशी होती की ती वाचताना आमचा आवाज जरा खाली गेला, आणि मागच्या रांगेतल्या अण्णांनी ते बरोबर हेरले. ‘संकेतस्थळाचे नवीन नाव व तत्संबंधी खर्च’ अशी ती ओळ. अण्णांनी विचारले, “नवीन का? जुन्या नावाचे काय झाले?” अध्यक्षांनी उत्तरासाठी पंधरा-वीस मिनिटे दिली आहेत. तेव्हा काही न लपवता सांगतो.

आम्ही बँकेतले कारकून. बी. कॉम. होऊन खिडकीवर बसलो त्याला वीस वर्षे उलटून गेली. संगणकाचे शास्त्र आम्ही शिकलेलो नाही. आज जे सांगणार आहोत ते आधी चुकलो आणि मग शिकलो, अशा जातीचे आहे. आपल्या हैदराबादेतल्या इतर मराठी संस्थांना, वाचनालयांना, वधू-वर केंद्रांना आणि भजनी मंडळांना ते फुकटात मिळावे म्हणून सांगतो.

२००९ साली आपले संकेतस्थळ निघाले. तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या आपल्याच एका मुलाने सगळे हौसेने केले, एक पैसा घेतला नाही. नाव घेतले तेही त्यानेच. ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर घेतले, आणि फोन वडिलांच्या घरचा दिला. दर वर्षीचे पैसेही तोच भरत राहिला. आम्हाला वाटायचे, संकेतस्थळ एकदा झाले की झाले, जशी भिंतीवरची पाटी. हिशोबात एखाद्या वर्षी ‘इंटरनेट किरकोळ’ अशी नोंद दिसते, बाकी वर्षी तीही नाही. पुढे मुलगा नोकरीला लागला, परदेशी गेला. त्याचे कार्ड बदलले, कॉलेजची ईमेलपेटी बंद झाली. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत जाऊन पडल्या. त्याचा दोष काडीचाही नाही. बारा वर्षे त्याने संस्थेचे ओझे एकट्याने वाहिले आणि आम्ही कधी विचारलेही नाही.

एके संध्याकाळी बरकतपुऱ्याहून एका काकूंचा फोन आला. “अहो, मेळाव्याचा फॉर्म उघडायला गेले तर पत्त्यांचा डाव उघडतोय, पैसे लावा म्हणतोय.” आम्ही हसलो. म्हटले, काकू, टाइप करताना काहीतरी चुकले असेल. मग स्वतः टाइप केले. काकूंचे काही चुकले नव्हते.

एवढ्यावर भागले असते तरी आम्ही आज इतका वेळ घेतला नसता. त्याच महिन्यात मराठी माध्यमाच्या शाळांतील रिकाम्या शिक्षकपदांबाबतचे आपले निवेदन एका सरकारी कार्यालयात गेले होते. राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमाचा आधार त्यात घेतला होता. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याबद्दलचे हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले. ज्या वर्षी जुने हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा तिकडे आणि आपण इकडे राहिलो, तेच ते वर्ष. निवेदनाच्या शेवटी छापले होते, ‘शाळानिहाय तक्ते व सह्यांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावी.’ ते तक्ते आपल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी, वयाच्या पंचाहत्तरीत, शाळेशाळेत जाऊन गोळा केले होते. शिष्टमंडळात त्या होत्या, आम्हीही होतो. अधिकाऱ्याने सौजन्याने आमच्यासमोरच तो पत्ता उघडला. मग संगणकाचा पडदा थोडा आमच्याकडे वळवला आणि काही न बोलता बंद केला. तो रागावला असता तर बरे झाले असते. बाई परत येताना रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत.

आता हे नाव म्हणजे काय आणि ते जाते कसे, ते आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो.

बँकिंगमध्ये वर रिझर्व्ह बँक, खाली बँक, तिच्या खाली गावोगावचा बँकमित्र, आणि शेवटी खातेदार. इथेही तशीच उतरंड आहे. सगळ्यात वर आयकॅन ही संस्था. ती १९९८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थापन झाली, नफ्यासाठी चालत नाही, आणि जगभरच्या नावांची शिस्त पाहते. तिच्या खाली प्रत्येक शेपटाची एक मूळ वही सांभाळणारी संस्था. ‘डॉट कॉम’ची वही व्हेरिसाइन या कंपनीकडे. ‘डॉट इन’ची वही आपल्या देशातल्या निक्सी या संस्थेकडे. त्या वहीत नोंद करण्याचा परवाना ज्यांच्याकडे असतो त्या कंपन्या म्हणजे रजिस्ट्रार. रजिस्ट्रारच्या हाताखाली असंख्य दलाल. कोपऱ्यावरचा ‘वेबसाइट करून मिळेल’वाला बहुधा हाच असतो. आणि सगळ्यात खाली नोंदणीधारक, म्हणजे आपण. निदान आपण असायला हवे होते.

आणखी एक गोष्ट. नाव विकत मिळतच नाही, भाडेपट्ट्याने मिळते. एका वेळी एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत. पट्टा सरला आणि पैसे भरले नाहीत, तर ‘डॉट कॉम’सारख्या नावांना बऱ्यापैकी सवलत असते. मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवस रजिस्ट्रार नेहमीच्या दराने पैसे घेऊ शकतो. नाव रद्द झाले की आणखी ३० दिवस दंड भरून ते सोडवता येते. शेवटचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव पहिल्या येणाऱ्याला मोकळे. काही कंपन्या तर पहिल्याच टप्प्यात थकलेले नाव लिलावाला काढतात. रजिस्ट्रारने मुदतीपूर्वी महिनाभर आणि आठवडाभर आधी अशा दोन सूचना द्यायच्या आणि मुदतीनंतर पाच दिवसांत तिसरी द्यायची, असा आयकॅनचा नियम आहे. म्हणजे सूचना निघाल्या असणार, सवलतीचे दिवसही असणार. पण ज्या पत्त्यावर सूचना गेल्या तिथे कोणी राहत नव्हते.

जुन्या, माणसांना ठाऊक असलेल्या नावावर टपून बसणारे लोक असतात. बारा वर्षांत वर्तमानपत्रांनी आणि इतर संस्थांनी आपल्या नावाचे दुवे दिलेले असतात. त्या वाटेने माणसे येतच राहतात, आणि जुगारवाल्याला तेवढेच हवे असते. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या एका नावाचे पैसे भरायचे राहिले आणि हॉटमेलचे दार अनेकांना उघडेना. एका अमेरिकन प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा काम सुरळीत झाले. आपल्या नावाला असा कोणी भला माणूस भेटला नाही.

कोणी विचारेल, कोर्ट नाही का? आहे. ‘सत्यम इन्फोवे’ विरुद्ध ‘सिफिनेट सोल्युशन्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगून ठेवले आहे की डोमेन नाव हा नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हासारखे संरक्षण त्याला मिळू शकते. आयकॅनची तंटा सोडवण्याची पद्धत १९९९ पासून आहे, ‘डॉट इन’साठी निक्सीची वेगळी आहे. पण जिनिव्हाच्या संस्थेत एका पंचापुढे तक्रार नोंदवायची तर नुसते शुल्कच १५०० डॉलर. आणि समोरच्याने वाईट हेतूने नाव घेतले हे आपण सिद्ध करायचे. वार्षिक वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने त्या वाटेला जाऊ नये, असे कार्यकारिणीने ठरवले.

मग नवीन नाव शोधायला बसलो आणि दुसरी चूक केली.

रात्री दहा वाजता, घाबरलेल्या मनाने, इंटरनेटवर ‘डोमेन उपलब्ध आहे का’ असे शोधले. वरच्या चार-पाच ओळी जाहिरातींच्या असतात हे माहीत असूनही एकेक उघडत गेलो. सात-आठ ठिकाणी आपले नाव टाकले. एका ठिकाणी तर फोन नंबरही दिला. सकाळी बँकेत निघतो तोच फोन. “सर, तुम्ही पाहिलेले नाव दुसऱ्या पार्टीने घेतले आहे, पण आम्ही तुमच्यासाठी बोलून ठेवले आहे. अकरा हजारात होईल, आज दुपारपर्यंतच.” आमच्या काउंटरवर रोज कोणी ना कोणी असाच फोन येऊन फसलेला ग्राहक उभा असतो. त्याला आम्ही शहाणपण शिकवतो. आणि आम्ही स्वतः अकरा हजार पाठवायला निघालो होतो.

घरच्या मुलीने थांबवले. ती म्हणाली, “बाबा, तो सांगतो म्हणून नाव गेले का? वहीत पाहा ना.” तिने आयकॅनचेच शोधपान उघडले, ‘लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग’. नाव टाकले. उत्तर आले, अशी नोंद सापडत नाही. नाव कोणीच घेतलेले नव्हते. तो माणूस आम्हाला आमचेच मोकळे नाव अकरा हजारांना विकत होता.

नाव नुसते शोधले तरी चोरीला जाते, असे बरेच लोक म्हणतात. त्यात खरे किती, हेही सांगायला हवे. पूर्वी एक पळवाट होती. घेतलेले नाव पाच दिवसांत परत केले तर पैसे परत मिळत. त्यामुळे काही लोक हजारो नावे घेऊन ‘चाखून’ परत करत. जानेवारी २००८ मध्ये नेटवर्क सोल्युशन्स या अमेरिकेतल्या जुन्या, नावाजलेल्या रजिस्ट्रारबद्दल उघड झाले की त्यांच्या पानावर कोणी एखादे नाव शोधले की कंपनी ते चार दिवस स्वतःकडे अडकवून ठेवी. त्या दिवसांत ते दुसऱ्या दुकानात मिळत नसे. ग्राहकाचे नाव इतरांनी पळवू नये म्हणून आम्ही असे करतो, हे कंपनीचे स्पष्टीकरण होते. त्यावर दावेही झाले. पुढे आयकॅनने फार नावे परत करणाऱ्यांना शुल्क लावले आणि २००९ पर्यंत तो चाखण्याचा धंदा जवळजवळ बंद पडला. आज शोधता क्षणी नाव पळवले गेल्याच्या गोष्टी बहुतेक वेळा योगायोगाच्या किंवा आमच्यासारख्या भित्र्या गिऱ्हाईकाला लुटणाऱ्याच्या निघतात. तरीही लाड बाजारात बांगड्या घेताना आपण काय करतो? आवडलेल्या जोडाकडे फार वेळ बघत नाही. तेवढी सावधगिरी इथेही पाळावी.

म्हणून आमची रीत आता अशी आहे. आधी घरी कागदावर तीन-चार नावे पक्की करायची. मराठी नावाचे रोमन लिपीत दहा प्रकार होतात. शेवटी ‘ए’ लावायचा की नाही, ‘व’ला ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘ळ’साठी तर वेगळे अक्षरच नाही. म्हणून ते नाव चार माणसांना तोंडी सांगून टाइप करायला लावायचे, आणि ते स्वाभाविकपणे जे लिहितील ते घ्यायचे. जमल्यास दुसरे रूपही घेऊन ठेवायचे. नाव व्हॉट्सॲपच्या गटावर मतदानाला टाकायचे नाही. आमच्या गटात दोनशे तीस माणसे आहेत, आणि त्यांनी पुढे पाठवलेले कुठवर जाते ते देव जाणे.

मग पैसे, ईमेल, संस्थेची कागदपत्रे हाताशी घेऊन बसायचे. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’साठी आयकॅनचे शोधपान आणि ‘डॉट इन’साठी निक्सीच्या नोंदवहीचे पान, एवढ्या दोनच ठिकाणी पाहायचे. पत्ता हाताने टाइप करायचा, जाहिरातीवर बोट ठेवायचे नाही. नुसते नाव ब्राउझरमध्ये टाकून पान उघडले नाही म्हणून नाव मोकळे आहे, असे समजायचे नाही. रिकामा प्लॉट दिसला म्हणजे त्याला मालक नसतो, असे थोडेच आहे? घेऊन ठेवलेली पण न वापरलेली नावे असंख्य असतात. उलट नोंद सापडली नाही तरी एखादे नाव वरच्या संस्थेने राखीव ठेवलेले किंवा चढ्या दराचे असू शकते, ते विकत घेताना कळते. मोकळे दिसले की त्याच बैठकीत नोंदवून टाकायचे. उद्या पाहू म्हणायचे नाही.

ज्यांना देवनागरीत नाव हवे त्यांच्यासाठी २०१४ पासून ‘डॉट भारत’ आहे. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा देवनागरीतल्या आठ भाषांसाठी ते सुरू झाले. आपल्यासारख्यांनी ते जरूर घ्यावे. पण सोबत रोमनातलेही ठेवावे, कारण निवेदन वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या संगणकावर मराठी टंक असेलच असे नाही.

आता रजिस्ट्रार निवडायचा कसा? बँक निवडताना पाटीवरचा रंग बघत नाहीत, परवाना बघतात. आयकॅनच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांची यादी आहे, ‘डॉट इन’साठी निक्सीची आहे. कंपनीचे नाव त्या यादीत शोधावे. सापडले नाही तर तो दलाल आहे. दलाल वाईटच असतो असे नाही. पण त्याच्या मागचा रजिस्ट्रार कोण, हे त्याने तोंडाने सांगितले पाहिजे.

यादीत असणे म्हणजे सगळे झाले, असेही नाही. २००७ साली अमेरिकेत रजिस्टरफ्लाय नावाच्या मान्यताप्राप्त कंपनीचा कारभार कोलमडला. ग्राहकांना आपली नावे ना वाढवता येईनात, ना हलवता येईनात. शेवटी आयकॅनने तिची मान्यता काढली आणि नावे दुसऱ्या कंपनीकडे सोपवली. बँक बुडाल्यावर ठेवीदारांची जी दशा होते ती त्या लोकांची झाली. म्हणून परवान्यानंतर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पुढच्या वर्षीचा दर. पहिल्या वर्षी ९९ रुपये असे मोठ्या अक्षरात आणि दुसऱ्या वर्षीपासूनचा दर तळाशी बारीक अक्षरात. आमच्याकडे कर्जाच्या ‘टीझर’ दराची गोष्ट होती, तीच ही. नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. पैसे भरण्यापूर्वी टोपलीत आपण न मागितलेल्या चार वस्तू आपोआप टिचकी मारून ठेवलेल्या असतात, त्या काढून टाकाव्यात.

दुसरी, बाहेर पडण्याची वाट. नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेता येते. त्यासाठी एक गुप्त संकेतांक लागतो आणि आयकॅनच्या नियमाप्रमाणे तो मागितल्यावर पाच दिवसांत द्यावा लागतो. नवीन घेतलेले नाव मात्र सुरुवातीचे साधारण ६० दिवस हलवता येत नाही, म्हणून पहिलीच निवड विचार करून करावी. संकेतांक देण्यासाठी वेगळे पैसे मागणारा, ‘मॅनेजर रजेवर आहे’ सांगणारा दुकानदार टाळावा. खाते बंद करायला गेल्यावर बँक कशी वागते यावरून बँक कळते, हे आम्ही खिडकीच्या आतून सांगतो.

तिसरी, फोन उचलणारा माणूस आहे का. पैसे भरण्यापूर्वी एकदा फोन करून पाहावा. दुपारी करावा, आणि सुट्टीच्या दिवशीही करावा.

नाव घेतल्यावर एक ईमेल येते, त्यातल्या दुव्यावर जाऊन आपला पत्ता खरा असल्याचे कळवायचे असते. ‘डॉट कॉम’सारख्या नावांना ते पंधरा दिवसांत केले नाही तर नाव तात्पुरते बंद पडते. फसवणूक समजून ते ईमेल पुसू नये. उलट, टपालाने किंवा ईमेलने बिलासारखे दिसणारे, आपण कधी न पाहिलेल्या कंपनीचे ‘नूतनीकरण पत्र’ आले, किंवा ‘चीनमधली कंपनी तुमचे नाव घेत आहे, त्वरा करा’ असे कोणी कळवले, तर ते खुशाल पुसावे. आपला रजिस्ट्रार कोण, हे पक्के ठाऊक असले की अशी पत्रे ओळखू येतात.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे नाव कोणाच्या नावावर आहे. आपल्या गावाकडे सातबारा, इथे तेलंगणात पहाणी. जमीन कसतो कोण हे सगळ्यांना दिसते, पण कागदावर कोण आहे हेच शेवटी चालते. पूर्वी डोमेनचा हा उतारा कोणालाही वाचता येत असे. २०१८ पासून युरोपच्या गोपनीयता कायद्यामुळे मालकाचे नाव-पत्ता बहुधा झाकलेले दिसते. म्हणून रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच पाहावे लागते. ‘संस्था’ या रकान्यात मंडळाचे नोंदणीकृत नाव हवे. ईमेल कार्यालयाचे हवे, आणि तेही त्याच डोमेनवरचे नको. कारण नाव बंद पडले की ते ईमेलही बंद पडते, आणि मग सुटकेची किल्ली आतच राहते. ओटीपी येणारा मोबाइल कार्यालयाचा हवा. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन माणसांकडे, आणि दुसरा जोड दुसऱ्या शाखेत. सकाळी दोघे आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. कोणावर अविश्वास म्हणून ही पद्धत नसते. माणूस आजारी पडतो, बदलून जातो, देवाघरी जातो. तिजोरी तरीही उघडावी लागते.

नावाची काळजी किती घ्यावी, याचा धडा नुकताच सरकारी पातळीवरही गिरवला गेला. सारख्या दिसणाऱ्या खोट्या पत्त्यांवरून फसवणूक वाढली म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट जाहीर केले आणि सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितले. ती नावे देण्याचा अधिकार एकाच संस्थेला मिळाला, आयडीआरबीटीला. १९९६ साली रिझर्व्ह बँकेने काढलेली ही संस्था कुठे आहे माहीत आहे ना? आपल्या मासाब टँकला. पत्ता बदलला तेव्हा आमच्या खिडकीवर आजोबा लोक येऊन विचारत, “बेटा, ये नया पता असली है ना?” आम्हाला फार बरे वाटे. पत्ता खरा की खोटा, हे विचारायला माणूस खिडकीपर्यंत आला म्हणजे अर्धी फसवणूक टळलीच.

आपल्या मंडळाला असे राखीव शेपूट कोणी देणार नाही. आपली राखण आपणच करायची. या गावात आपल्या आजोबा-पणजोबांनी शाळा काढल्या, वाचनालये काढली, जागा घेतल्या, आणि प्रत्येक जागेचा कागद संस्थेच्या नावावर करून घेतला. म्हणून त्या आज टिकून आहेत. आपल्या कपाटात १९५६ च्या आधीची उर्दूतली खरेदीखते आहेत, ती आजही चालतात. त्या माणसांच्या वारसांनी संस्थेचे नाव ‘इंटरनेट किरकोळ’मध्ये टाकले. आपल्या डेडस्टॉक रजिस्टरात खुर्च्या ८४, सतरंज्या १२, पेटी १, तबला-डग्गा १ जोड असे सगळे आहे. बारा वर्षे जगाला आपली ओळख सांगणारे नाव मात्र त्यात नव्हते. तो दोष खजिनदार म्हणून आमचा आहे, आणि तो आम्ही या सभेपुढे मान्य करतो.

नवीन नाव घेतल्यावर आम्ही मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो. तक्ते पुन्हा चढवले होते, निवेदन नव्या पत्त्यासह पुन्हा पाठवायचे होते, त्यावर त्यांची सही हवी होती. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक आकडा मूळ वहीशी ताडून पाहिला. मग विचारले, “किती वर्षांचे भरलेत?” आम्ही अभिमानाने म्हटले, “दहा.” बाई म्हणाल्या, “दहा वर्षांनी तुम्ही या पदावर नसाल, मी तर नसेनच. तेव्हा कोणाला आठवेल?”

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही हा ठराव सभेपुढे मांडतो.

मंडळाची सर्व डोमेन नावे संस्थेच्या नोंदणीकृत नावावर राहतील व त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात होईल. खात्याचे ईमेल व मोबाइल कार्यालयाचे राहतील. पासवर्डचे मोहोरबंद पाकीट संस्थेच्या लॉकरमध्ये राहील व ते चिटणीस आणि खजिनदार या दोघांच्या सहीनेच उघडेल. दर वार्षिक सभेत हिशोबाबरोबर प्रत्येक नाव कोणत्या रजिस्ट्रारकडे, कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे मोठ्याने वाचून दाखवले जाईल. ते वाचले गेले नाही, तर कोणत्याही सभासदाला उठून विचारण्याचा हक्क राहील.

अण्णा, तुम्ही आज उठून विचारलेत, तसेच.

आणि जाता जाता बाकीच्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना एकच विनंती. आज घरी गेल्यावर जेवणाआधी पाहून घ्या, तुमच्या संस्थेचे नाव कोणाच्या नावावर आहे आणि कधीपर्यंत आहे. उत्तर लगेच सापडले नाही, तर उद्या संध्याकाळी सहानंतर कार्यालयात या. आम्ही बसलेले असतो.



(ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने संमत झाला.)